सिडनीत जुन्या घरांच्या जोत्यांवर बांधलेल्या हॉस्टेलमध्ये आई-बाबांना घेऊन राहावं का?

हो, राहाच, फक्त रात्री झोपण्यापुरते येऊ नका, एक अख्खी सकाळ हॉस्टेलखालच्या जोत्यांसाठी ठेवा. तुम्ही विचारलंय की द रॉक्समधलं (सिडनीच्या बंदराजवळची जुनी वस्ती) वायएचए या साखळीचं हॉस्टेल उत्खननाच्या जागेवर आहे म्हणे, तर सत्तरीच्या आई-बाबांना तिथे ठेवावं की दुसरीकडे हॉटेल घेऊन नुसतं बघून यावं. आम्ही बाबांना घेऊन चार रात्री राहिलोय, ते तेव्हा बहात्तरचे होते, त्यावरून सांगतो.

कम्बरलँड स्ट्रीट आणि ग्लॉस्टर स्ट्रीटच्या मधला हा तुकडा. १७९० च्या दशकापासून इथे लोक घरं बांधून राहायला लागले, बरेचसे इंग्लंड-आयर्लंडहून शिक्षा होऊन आलेले कैदी आणि त्यांची पोरंबाळं. १९९४ मध्ये खोदकाम झालं तेव्हा तीसहून जास्त घरं-दुकानांची जोती निघाली आणि वस्तू तर लाखांनी, बाहुल्यांची डोकी, गोट्या, मातीच्या चिलमी, चिनी मातीच्या बश्या. हॉस्टेल २००९ मध्ये झालं, पण ते खांबांवर उचलून बांधलंय, त्यामुळे खाली बहुतेक जोती तशीच उघडी आहेत आणि तुम्ही पॅसेजमधून चहाचा मग घेऊन वाकून बघू शकता.

खाली उतरलात की क्रिब्स लेन नावाची चिंचोळी गल्ली लागते. जॉर्ज क्रिब हा खाटीक, १८०८ मध्ये कैदी म्हणून आला आणि इथे धंदा करून चांगला पैसेवाला झाला. त्याची विहीर अजून दिसते, तिच्यात दारू गाळायच्या भट्टीचे भाग सापडले होते! कैदी म्हणजे फाटके, दरिद्री असंच आपल्या डोक्यात असतं ना, पण या लोकांच्या घरांतून बाहुल्या, नक्षीच्या बश्या निघाल्यात, म्हणजे पोरांना खेळणी आणत होते, पाहुण्यांपुढे चांगलं ताट मांडत होते. मला हे सगळ्यात जास्त भिडलं.

आणि ही घरं गेली कशी, ते आपल्याला जवळचं आहे. १९०० साली सिडनीत प्लेग आला, १०३ माणसं गेली. १८९६ मध्ये मुंबईत आणि मग पुण्यात आला तीच ही साथ, बंदरा-बंदरांतून पसरत गेलेली. सरकारने द रॉक्सचा मोठा भाग ताब्यात घेतला आणि पुढच्या काही वर्षांत इथली घरं पाडली, जसं मुंबईत प्लेगनंतर इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दाटीच्या वस्त्या पाडल्या तसंच. बाबा गिरगावच्या चाळीत वाढलेले, दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं. ते एका जोत्याच्या कडेला उभे राहिले आणि बाहेरूनच पावलं टाकून लांबी मोजायला लागले, मग म्हणाले, "आमचीच खोली रे ही, चूल पण त्याच कोपऱ्यात." नंतर बराच वेळ ते तिथेच बसून होते, ऑपेरा हाऊसला जायची घाई आम्हालाच होती, त्यांना नव्हती.

आता राहण्याचं. डॉर्ममध्ये, म्हणजे अनेकांच्या एकत्र खोलीत, आई-बाबांना नका ठेवू, बाथरूमसकट खाजगी खोली घ्या. साडेतीनशेच्या आसपास बेड आहेत त्यामुळे किचनमध्ये संध्याकाळी गर्दी असते, आम्ही सहालाच कुकर नसताना पातेल्यात वरणभात लावून मोकळे व्हायचो. लिफ्ट आहे. गच्चीवर रात्री नक्की न्या, एका बाजूला हार्बर ब्रिज आणि समोर ऑपेरा हाऊस, एवढ्या पैशात हे दृश्य सिडनीत दुसरीकडे मिळेल असं मला नाही वाटत.

त्रास एकच, चढ. सर्क्युलर की स्टेशनपासून अंतर कमी आहे पण सामान घेऊन ते चढ आणि पायऱ्या गुडघेदुखीवाल्यांना झेपणार नाहीत, पहिल्या दिवशी टॅक्सी करून थेट कम्बरलँड स्ट्रीटच्या बाजूने या.

आणि हो, ग्लॉस्टर स्ट्रीटवरच सुझाना प्लेस आहे, १८४४ ची चार जोडघरं, ती पाडापाडीतून वाचली आणि आता म्युझियम आहे. कधी उघडं असतं ते आधी बघून घ्या आणि जोती बघितल्यावर त्याच दिवशी तिथे जा, म्हणजे खाली नुसता दगड बघितलेला असतो त्याच्यावर भिंत, जिना, खिडकी कशी असेल ते लगेच कळतं.