आधी सांग, नाव कुणाच्या कागदावर आहे?

बाबू,

तुझा मेसेज वाचला. थर्मलमधे, म्हणजे कोळशाच्या वीज केंद्रात, ठेकेदाराकडंच राहू का सोलरवाल्यांकडं जाऊ, फ्युचर कशात आहे म्हणून विचारून राहिला तू. अरे, कोळसा का सूर्य ते नंतर बघू, आधी सांग तुझं नाव कुणाच्या कागदावर आहे?

आपल्या चंद्रपूरच्या थर्मलचे २१० मेगावॅटचे पहिले दोन संच बंद झालेच ना, तरी २९२० मेगावॅटचं स्टेशन चालूच आहे. सरकारनं नेट झिरोचं, म्हणजे हवेत निव्वळ कार्बन न सोडायचं, साल २०७० धरलंय, म्हणजे उद्या काही चिमणी थंड होत नाही. पण संच बंद झाला की कायमवाल्याची बदली होते, अन् तुझ्यासारख्याला फक्त गेटपास जमा करायला सांगतात. नोकरी गेली असंसुद्धा कुणी म्हणत नाही, कारण कागदावर ती नव्हतीच. मुंबईच्या गिरण्यांचं बघ. १९८२ चा संप झाला, गिरण्या गेल्या, अन् पुढं कामगारांसाठी घरं निघाली तेव्हा काय मागितलं? गिरणीतला तिकीट नंबर, ईएसआयसी म्हणजे कामगार विम्याचा नंबर, पीएफचा नंबर. ज्याच्या ट्रंकेत तो चिटोरा निघाला त्याचाच अर्ज उभा राहिला.

आता सोलर. प्लांट उभा राहताना स्ट्रक्चर ठोकायला, पॅनल चढवायला, केबल ओढायला माणसंच माणसं लागतात, अन् एकदा चालू झाला की पॅनल धुणारे, गवत कापणारे, वॉचमन आणि इन्व्हर्टर बघणारे थोडे टेक्निशियन, बस. तेही बहुतेक ठेक्यावरच. त्या थोड्यांत यायचं असेल तर तुझ्या वायरमनच्या आयटीआयवर सूर्यमित्रचा, सोलरचं काम शिकवणारा सरकारी कोर्स कर. घरांच्या छतावर बसवायचं काम तर आपल्या गावातच मिळेल, सूर्यघर योजनेत १ कोटी घरं धरलीत. जा ना, मी कुठं अडवतो? पण नेमणूक पत्र घेऊन जा.

मला लोक हेकेखोर म्हणतात, माहीत आहे. कोल हँडलिंगला होतो तेव्हा बेल्टखालचा कोळसा उपसून नाकातोंडात काळं जायचं, पगारातून पीएफ कापायचे अन् नंबर विचारला तं 'मिळेल ना' म्हणायचे. मी विचारतच राहिलो, शेवटी घरी बसवलं. बायको आजही काढते तो विषय, की गप राहिला असता तं पोरीच्या शिक्षणाला हात आखडला नसता. असेल. पण पुढच्या ठेकेदाराकडं मी नंबर हातात आल्यावरच फावडं उचललं, म्हणून दहा वर्षं भरली अन् आज पीएफची पेन्शन येते. हसण्यासारखी रक्कम आहे, हस खुशाल. माझ्यासोबतच्या कितीकांना तेवढीही नाही, त्यांनी काय कमी कोळसा उपसला?

तुझा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, काढ, पीएफच्या पासबुकात दर महिन्याची एन्ट्री बघ. मधला महिना गायब असेल तं आत्ताच भांड, नोकरी सोडल्यावर कुणी दारात उभं करत नाही. नव्या लेबर कोडात, म्हणजे कामगार कायद्यात, नेमणूक पत्र सगळ्यांना द्यायचं आहे, तं मागायला लाजायचं कशाला? भीक नाही मागून राहिला तू.

अन् 'सगळे असेच करतात' हे मला परत लिहू नको, डोकं फिरतं माझं.

रविवारी ये. सोलरवाल्यानं काय लिहून दिलं ते प्रिंट काढून आण, मोबाईलवरचं बारीक अक्षर मला दिसत नाही. काहीच लिहून दिलं नसेल तं त्याचा फोन नंबर आण, मी बोलतो.