बिहेवियर सपोर्टचं काम म्हणजे नुसतं चिडलेल्याला आवरणं का?

सायकॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहेस, सुट्टीत दिव्यांग मुलांच्या केंद्रात मदतीला जातेस, तिथल्या बिहेवियर सपोर्टवाल्या ताईंना बघून तुलाही हेच करावंसं वाटतंय, पण आई म्हणते की चावणाऱ्या-ओरबाडणाऱ्या मुलांना आवरायचं काम कशाला हवं, असं तू लिहिलंयस. आईची काळजी उगाच नाहीये, असे प्रसंग येतातच. पण आवरणं हा या कामाचा छोटासा भाग आहे. मुख्य काम म्हणजे ते वागणं का होतंय हे शोधून काढणं.

समज एक मुलगा आहे, त्याला बोलता येत नाही आणि तो रोज जेवताना ताट भिरकावतो. सगळे म्हणणार हट्टी आहे. बिहेवियर सपोर्टवाली व्यक्ती आधी काही दिवस शांतपणे बघते आणि लिहून ठेवते, फेकायच्या आधी काय झालं, त्याने नेमकं काय केलं आणि त्यानंतर काय झालं. मग कळतं की ताट फेकलं की त्याला त्या गोंगाटाच्या हॉलमधून बाहेर नेतात, आणि त्याला तेच तर हवं असतं! कुणाचं लक्ष हवंय, कशातून तरी सुटका हवीये, एखादी वस्तू हवीये किंवा ते करून शरीराला बरं वाटतंय, बहुतेक वेळा यातलंच काहीतरी निघतं. पण त्याच्याही आधी दुखणं तपासून घ्यायचं, दाढ, कान, पोट साफ न होणं, कारण ज्याला सांगता येत नाही त्याचं दुखणं वागण्यातून बाहेर येतं आणि लोक मात्र त्याला शिस्त लावत बसतात, याचा मला फार राग येतो.

पुढे प्लॅन. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरंड या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्येच दाखवलं होतं की मुलांना हवं ते मागायचा सोपा मार्ग शिकवला तर त्रासाचं वागणं कमी होतं. म्हणजे या मुलाला 'बाहेर जायचंय' असं चित्राचं कार्ड द्यायचं, ते दाखवलं की लगेच न्यायचं, आणि मुळात हॉलमधला गोंगाटही कमी करायचा. हे सगळं घरच्यांनी आणि स्टाफने रोज पाळायला हवं, त्यामुळे तुझा बराचसा वेळ मोठ्यांना शिकवण्यात जाणार हे आत्ताच लक्षात घे. जुनी युक्ती चालेनाशी झाली की सुरुवातीला वागणं कधीकधी वाढतं, तेव्हा सगळ्यांचा धीर सुटतो आणि तुला टिकून राहावं लागतं.

कोंडून ठेवणं, धरून ठेवणं, बांधणं, गप्प करायला औषध देणं हे प्रकार कमी करत नेणं ही तर मोठी जबाबदारी. नियम देशागणिक वेगळे आहेत, पण चांगल्या कामात असा उपाय फक्त जिवाला धोका असेल तेव्हा, कमीत कमी वेळ आणि नोंद ठेवूनच होतो. माझं स्पष्ट मत, ज्या वागण्याने कुणालाच इजा होत नाही, जसं हात फडफडवणं, ते फक्त लोकांना विचित्र दिसतं म्हणून बंद करायला जाऊ नकोस. ऑटिस्टिक मोठी माणसं स्वतः हे कळकळीने सांगतायत, त्यांचं ऐक.

सायकॉलॉजी, स्पेशल एज्युकेशन, ऑक्युपेशनल थेरपी, स्पीच थेरपी, सोशल वर्क, नर्सिंग, यातल्या कुठूनही लोक इकडे येतात. पण डिग्री झाली की लगेच प्लॅन लिहायला बसू नकोस, आधी निदान वर्षभर सपोर्ट वर्कर म्हणून रोजची आंघोळ, जेवण, प्रवास यात सोबत कर, नाहीतर तुझे प्लॅन कागदावर छान दिसतील आणि प्रत्यक्षात कुणाला जमणार नाहीत.

नोकरीच्या मुलाखतीला गेलीस की दोन गोष्टी विचार. माझ्या कामावर अनुभवी सुपरवायझर कोण असणार, आणि एखाद्याला धरून ठेवावं लागलं तर नंतर त्यावर कोण आणि कधी बसून बोलतं. नीट उत्तर आलं नाही तर दुसरी जागा बघ. आणि हीच दोन उत्तरं आईलाही सांग, तिला नेमकी हीच काळजी आहे.