मुलगी 'श्राव्य' निघाली म्हणून पुस्तक बाजूला ठेवू देऊ नका

ताई, तुमची मुलगी बारावीला आहे. ऑनलाइन चाचणीत ती 'श्राव्य', म्हणजे ऐकून शिकणाऱ्या प्रकारची निघाली, म्हणून जीवशास्त्राचं पुस्तक मिटून नुसते व्हिडिओ ऐकते. दुसऱ्या, स्वभाव सांगणाऱ्या चाचणीत 'आयएनएफपी' अशी चार अक्षरं आली, तेव्हापासून मेडिकल आपल्या स्वभावाला झेपणार नाही म्हणते. मी बावीस वर्षं अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तिने दिलेली पहिली चाचणी बहुधा 'वार्क' असावी. न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांनी ती १९८७च्या सुमारास तयार केली. दृश्य, श्राव्य, वाचन-लेखन आणि कृती असे तिचे चार कप्पे. प्रश्न नीट वाचून बघा. रस्ता सांगायचा तर नकाशा काढाल की तोंडी सांगाल, अशा धर्तीचे असतात. त्यातून मुलीला काय आवडतं ते कळतं. तसं शिकवल्यावर ती जास्त शिकते का, हा प्रश्न वेगळा. २००८ साली मानसशास्त्रज्ञ हॅरॉल्ड पॅशलर आणि तीन सहकाऱ्यांनी तोवरचं संशोधन याच प्रश्नासाठी तपासलं. 'श्राव्य' मुलांना ऐकवून आणि 'दृश्य' मुलांना दाखवून निकाल सुधारतो, असा पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही.

मीही एका वर्षी वर्गाकडून असा फॉर्म भरून घेतला होता. एक मुलगा 'श्राव्य' निघाला आणि आकृत्या काढायचा थांबला. हृदयाचे कप्पे, झडपा, रक्त कुठून येतं नि कुठे जातं, सगळं तोंडपाठ. पण कागदावर डावं-उजवं उलटं. हृदय ऐकून कसं कळणार? ते काढावंच लागतं, मूल कुठल्याही प्रकारचं असो. आणि उच्चार ऐकायचा तर कानच लागतात. पद्धत विषय ठरवतो. त्या मुलाचे गुण गेले याचं मला आजही वाईट वाटतं, कारण तो शिक्का मी मारला होता.

आता ती चार अक्षरं. कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इझाबेल मायर्स यांनी मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंगच्या १९२१च्या मांडणीवरून ही सोळा प्रकारांची चाचणी बांधली. दोघींचंही मानसशास्त्राचं औपचारिक शिक्षण नव्हतं, पण खरी अडचण मोजण्यात आहे. बहुतेक माणसं अंतर्मुख-बहिर्मुखच्या मधेच कुठेतरी असतात, चाचणी मात्र मधोमध रेघ मारते. ३४ला नापास आणि ३५ला पास, तसं. म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा दिली की बऱ्याच जणांचं एखादं अक्षर बदलतं. तिला महिन्याभराने पुन्हा द्यायला सांगा, आधीचा निकाल न बघता.

"पण वर्णन अगदी जुळतं" असं ती म्हणेल. १९४८ साली मानसशास्त्रज्ञ बर्ट्राम फोरर यांनी आपल्या विद्यार्थ्यांची चाचणी घेऊन प्रत्येकाला 'त्याचं' वर्णन दिलं. मुलांनी अचूकतेला पाचपैकी सरासरी चारहून जास्त गुण दिले. वर्णन सगळ्यांना एकच होतं, वाक्यं ज्योतिषाच्या पुस्तकातली!

चाचण्या फेकून द्या असं मी म्हणत नाही. आपल्या राज्यात २०१६पासून दहावीच्या मुलांची कल चाचणी घेतली गेली, तिच्यावरून घरात बोलणं सुरू झालेलं मी पाहिलंय. मेडिकलची भीती नेमकी कशाची, हे तिला विचारा. रक्ताची, अभ्यासाच्या वर्षांची, की माणसांशी बोलण्याची? ओळखीच्या डॉक्टरांकडे दोन दिवस बसू द्या.

अभ्यासाचं म्हणाल, तर व्हिडिओ बंद करू नका, पण ऐकून झालं की कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायला सांगा. रोएडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६च्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना आठवड्याने साधारण ४२ टक्के आठवलं, न बघता आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. गंमत म्हणजे पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारेच पुढे होते. म्हणून तर मुलांना वाटतं, ऐकलं की आलं.

या रविवारी तिला पुस्तक मिटून हृदयाची आकृती काढायला सांगा, पुढच्या रविवारी पुन्हा. दोन्ही कागद जपून ठेवा आणि काय फरक दिसला ते इथे कळवा.