पाळी जाताना अंगातून वाफा येतात, झोप लागत नाही. शतावरी, अश्वगंधा घेऊन बघू का?

बघा, पण फार आशा लावू नका. शतावरी कल्प आपल्याकडे बाळंतिणीला देतात म्हणून घराघरात माहीत आहे. वाफांवर तिचा भक्कम पुरावा नाही. शिवाय बाजारातल्या कल्पात मुख्य माल साखरच असतो. शुगर असेल तर डब्यामागची बारीक अक्षरं आधी वाचा.

अश्वगंधेने झोप थोडी सुधारल्याचं लहान अभ्यासांत दिसलंय. पण थायरॉईडची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. यकृताला त्रास झाल्याच्या नोंदीही आहेत.

माझं मत विचाराल तर सोयाबीन बरं. त्यातले आयसोफ्लेवोन इस्ट्रोजेनसारखं हलकं काम करतात, काही जणींच्या वाफा कमी होतात. फरक कळायला 6 ते 12 आठवडे जातात; चार दिवसांत डबा बदलू नका. जवसाची चटणी खुशाल खा, पोट साफ राहील. वाफांसाठी मात्र चाचणीत जवस काही सरस ठरलं नाही.

जेष्ठमधाचा रोजचा काढा टाळाच, बीपी चढतं आणि पोटॅशियम उतरतं. ‘नैसर्गिक आहे, अपाय नाही’ म्हणणाऱ्या शेजारणीला हे जरूर सांगा!

स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर यातलं काहीही परस्पर सुरू करू नका. आणि पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा डाग दिसला तर काढे बाजूला ठेवून थेट स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा.