विचारा बिनधास्त : थर्माकोलची टेकडी, खडकीची दलदल आणि चहाचा चोथा

प्रश्न : आम्ही मित्र घरीच टेबलावर लढाईचे गेम खेळतो, २८ मिमी उंचीचे छोटे सैनिक आहेत. तयार डोंगर विकत घेणं परवडत नाही म्हणून फ्रिजच्या पॅकिंगमधल्या थर्माकोलची टेकडी केली, पण काळा स्प्रे मारल्यावर ती जागोजागी विरघळली. आता काय करू?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : अरे, स्प्रेमधलं सॉल्व्हंट थर्माकोल खातं. फेविकॉलमध्ये तेवढंच पाणी घालून आधी दोन हात मार, दुसऱ्या हातावर ओलं असतानाच चाळलेली वाळू भुरभुरव, आणि कडकडीत वाळलं की घर रंगवताना उरलेलं डिस्टेंपर ब्रशने लाव. स्प्रे नंतरही नकोच, एवढीशी फट राहिली तरी आत शिरतो.

आता आकाराचं बोलू. गोल गोल हिरव्या टेकड्या सगळेच करतात, त्या विलायती दिसतात. आपला सह्याद्री लाव्ह्याचे थर एकावर एक साचून झालाय, म्हणून तर सिंहगडाकडे बघितलं की डोंगराला पायऱ्या पायऱ्या दिसतात, आणि हे आपल्या फायद्याचंच आहे कारण थर्माकोलच्या चकत्या एकावर एक चिकटवल्या की निम्मं काम झालं. फक्त प्रत्येक पायरी निदान ३ सेंटीमीटर रुंद ठेव, घोडेस्वार चढवायचे असतील तर ६, नाहीतर डोंगर दिसेल झकास आणि सैनिक घरंगळत खाली. दिवाळीच्या किल्ल्यावर मावळा मातीत खुपसून उभा करता येतो, इथे सैनिकाच्या पायाखालची चकती, म्हणजे बेस, सपाट जागेवरच टेकायला हवा. रंग द्यायचा तो आधी काळपट तपकिरी, मग जवळजवळ कोरड्या ब्रशने कडांवर फिकट राखाडी घासायचा, आणि मधल्या एखाद्या थरात गेरूची पट्टी, घाटात रस्त्याच्या कडेला कापलेल्या डोंगरात दिसते ना तशी. गेरूत थोडा फेविकॉल घाल नाहीतर हाताला लागत राहील.

प्रश्न : १८१७ ची खडकीची लढाई टेबलावर मांडायची आहे. दलदल कशी करू?
– एक वाचिका, औंध

उत्तर : वा, पुण्यात राहून हीच मांडायला हवी! ५ नोव्हेंबरला पेशव्यांचे सेनापती बापू गोखल्यांचं घोडदळ इंग्रजांवर दौडत आलं आणि पुढ्यातल्या चिखलात अडकलं, दुसरे बाजीराव तिकडे पर्वतीवरून बघतायत. म्हणजे दलदल हवीच, पण खोल खड्डा करू नका, त्यात घोडे तिरके होतात. जाड पुठ्ठ्याचा वेडावाकडा तुकडा कापा, कडा तासून पातळ करा, वर टिश्यू पेपर फेविकॉलमध्ये भिजवून चुरगळून चिकटवा, गडद तपकिरी रंग द्या आणि मधेमधे पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हात, की ओला चिखल तयार. (नेलपॉलिश थर्माकोलवर नाही हं, तिथेही वरचंच होईल.) काथ्याचे तुकडे उभे चिकटवले की लव्हाळं. पुठ्ठा वाळताना वाकतो, म्हणून खालच्या बाजूलाही फेविकॉलचा हात द्या.

आणि खरी मजा अशी की तो चिखल चाल करणाऱ्यांना आधी दिसलाच नव्हता, त्यामुळे तुकडा सुरुवातीला टेबलावर ठेवूच नका. तिसऱ्या कुणाला तरी पंच करा, त्याने जागा कागदावर लिहून ठेवायची आणि घोडे जवळ आले की तुकडा पुढ्यात टाकायचा. मराठ्यांकडून खेळणारा वैतागेल, वैतागू दे.

प्रश्न : मुलगा या खेळासाठी चहाचा चोथा आणि अंड्यांचे ट्रे साठवतो. घरभर मुंग्या झाल्यात.
– एक आई, सदाशिव पेठ

उत्तर : ताई, मुंग्या दूध-साखरेला येतात. चोथा गाळण्यात तीन-चारदा धुवायला लावा, मग उन्हात पेपरवर पसरा, पावसाळ्यात तव्यावर मंद आचेवर परता, नाहीतर बुरशी येते. हे मात्र त्यालाच करू द्या. जमिनीवरची माती म्हणून चोथ्याला तोड नाही, त्यामुळे तो फेकू नका. अंड्यांच्या ट्रेचे नखाएवढे तुकडे फाडून चिकटवले की दगडी तटबंदी होते, पण त्याला एक-दोन ट्रे पुष्कळ झाले. बाकीचे खुशाल रद्दीवाल्याला द्या.