‘मशीन दुरुस्त करत बसशील!’

प्रश्न : माझी मुलगी बारावीत आहे. गणित आणि जीवशास्त्र दोन्ही आहे. दोन वर्षांपूर्वी तिची मावशी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने गेली. तेव्हापासून ‘बायकांच्या कॅन्सरसाठी मशीन बनवायचंय’ असं तिने घेतलंय आणि त्यासाठी तिला बायोमेडिकल इंजिनिअरिंगला जायचंय. तिचे बाबा म्हणतात, ‘शेवटी हॉस्पिटलातली मशीन दुरुस्त करत बसशील.’ मला वाटतं, त्यापेक्षा डॉक्टर झाली तर जास्त उपयोग होईल. काय करावं? – एक आई

उत्तर :
सप्रेम नमस्कार,

आधी बाबांच्या वाक्याबद्दल बोलते, कारण ते अर्धं खरं आहे. या शाखेतल्या बऱ्याच मुलांची पहिली नोकरी देखभाल-दुरुस्तीचीच असते. प्रश्न आहे तो त्यात कमीपणा मानण्याचा. २०११ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सोळा गरीब आणि विकसनशील देशांतल्या वैद्यकीय उपकरणांची त्यात मोजदाद होती, आणि जवळपास ४० टक्के उपकरणं बंद पडलेली आढळली. कुठे सुटा भाग मिळत नाही, कुठे वीज वरखाली होते, कुठे चालवणारा माणूस बदली होऊन गेलाय. देणगी म्हणून आलेलं मशीन कव्हर घालून कोपऱ्यात उभं असतं. ते का बंद पडलं हे ज्याने स्क्रू काढून पाहिलंय, तोच पुढचं मशीन बंद न पडणारं बनवतो. दोन वर्षं दुरुस्ती केलेली मुलगी मला थेट डिझाइनला बसलेल्या मुलीपेक्षा जास्त भरवशाची वाटते.

मावशींच्या आजाराच्या बाबतीत तर हे फारच लागू आहे. २०२२ मध्ये जगात या कॅन्सरच्या सुमारे ६ लाख ६० हजार नव्या रुग्णांची नोंद झाली, साडेतीन लाख स्त्रिया दगावल्या, आणि त्यातल्या बहुतेक कमी-मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या. आता गंमत पाहा (गंमत म्हणवत नाही खरं तर). कारण ठाऊक आहे, एचपीव्ही हा विषाणू. ते दाखवणाऱ्या हॅराल्ड झुर हाउझेन यांना २००८ चं नोबेल मिळालं. लस आहे. संसर्गापासून कॅन्सरपर्यंत बहुधा कित्येक वर्षं जातात, म्हणजे मधे पकडायला वेळही आहे. उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातल्या १ लाख ३१ हजार स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००९ मध्ये आले. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०३० साठी ९०-७०-९० असं लक्ष्य ठेवलंय : ९० टक्के मुलींना पंधराव्या वर्षापर्यंत लस, ७० टक्के स्त्रियांची पस्तिशीपर्यंत आणि पुन्हा पंचेचाळिशीपर्यंत तपासणी, आणि दोष सापडलेल्या ९० टक्के स्त्रियांवर उपचार. विद्या आहे, ती तपासणीच्या टेबलापर्यंत पोचत नाही. इथे इंजिनिअरचं काम सुरू होतं.

एक उदाहरण देते. गर्भाशयमुख नीट पाहायला कोल्पोस्कोप लागतो. १९२५ च्या सुमाराला जर्मनीत हान्स हिन्सेलमान यांनी तो आणला. हा स्टँडवर उभा राहतो आणि साधारण फूटभर अंतरावरून आत पाहतो. लांबून पाहायचं म्हणजे भिंग भारी हवं, प्रकाश प्रखर हवा, म्हणून यंत्र जड आणि महाग. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात निम्मी रामानुजम यांच्या गटाने हा हिशेबच उलटा केला : कॅमेराच जवळ न्यायचा. जवळ गेल्यावर छोटा सेन्सर आणि बारीक एलईडी पुरतात. त्यातून टॅम्पॉनएवढा पॉकेट कोल्पोस्कोप आला. पुढे त्यांनी स्पेक्युलमलाही, म्हणजे तपासणीसाठी योनिमार्ग उघडून धरणाऱ्या चिमट्यालाही, हात घातला. त्या थंडगार धातूच्या चिमट्याची धास्ती घेऊन पुन्हा तपासणीला न येणाऱ्या बायका थोड्या नाहीत. कॅलास्कोप हे त्यांचं साधन स्पेक्युलमशिवाय, स्त्रीला स्वतःच्या हाताने आत घालता येतं. टेबलावर झोपलेल्या बाईला काय वाटतं, हा प्रश्न ऑप्टिक्सच्या पुस्तकात नसतो. तो कोणाला तरी सुचावा लागतो.

उपचारांतही तेच. कॅन्सरपूर्व पेशी गोठवून मारायच्या तर गॅसचा सिलिंडर हवा, आणि तो आडगावी वेळेवर भरून कोण देणार? बॅटरीवर चालणारं, हातात मावणारं उपकरण त्याच पेशी सुमारे १०० अंश उष्णतेने मिनिटभरात नष्ट करतं. २०१९ पासून जागतिक आरोग्य संघटनेने त्यालाही मान्यता दिली आहे.

आता डॉक्टर की इंजिनिअर. तिला पेशंटशी बोलायचंय, समोरच्या बाईला बरी झालेली पाहायचंय, असं असेल तर मेडिकलच. इंजिनिअरला तो आनंद क्वचित मिळतो. त्याच्या वाट्याला परवानग्या, नैतिकता समितीचे अर्ज आणि पाच-सात वर्षांची चाचणी येते. पण मेडिकलचा नंबर नाही लागला म्हणून हे, असं असेल तर मात्र नको.

कॉलेज निवडताना एकच विचारा : चार वर्षांत विद्यार्थी रुग्णालयात किती आठवडे असतात? उत्तर गुळमुळीत आलं तर बायोमेडिकलची पाटी सोडून द्या. इलेक्ट्रॉनिक्स, इन्स्ट्रुमेंटेशन किंवा मेकॅनिकल पक्कं करून पदव्युत्तरला बायोमेडिकल घेता येतं, आणि संशोधन करायचं तर पदव्युत्तर शिक्षण लागतंच. नुसत्या ‘स्त्रियांच्या कॅन्सरची उपकरणं’ एवढ्यावर नोकऱ्या कमी आहेत. सुरुवात अल्ट्रासाउंडवर किंवा व्हेंटिलेटरवर होईल, ती होऊ द्यावी.

आता मुलीशी थेट बोलते.

बाळ, दोन गोष्टी करून बघ. पहिली कागदावर. हजार स्त्रिया धर, त्यातल्या वीस जणींना दोष आहे. तुझं मशीन दोष असलेल्यांपैकी ९० टक्के पकडतं आणि नसलेल्यांपैकी ९० टक्क्यांना बरोबर सोडतं. म्हणजे अठरा जणी सापडल्या, आणि ९८ निरोगी बायकांना उगाच ‘पुन्हा या’ म्हटलं. त्या ९८ जणींच्या घरी त्या रात्री काय होईल याचाही विचार कर. संख्याशास्त्र कंटाळवाणं वाटलं की हा कागद काढून बघ.

दुसरी हाताने. तपासणीत गर्भाशयमुखावर व्हिनेगरसारखं सौम्य आम्ल लावतात, मग संशयास्पद भाग पांढरा दिसतो. पण ओल्या पृष्ठभागावर दिव्याची चमकही पांढरीच दिसते. एक फुगा ओला कर, टॉर्च मार, मोबाइलने फोटो काढ. मग पोलरायझिंग फिल्मचा एक तुकडा टॉर्चवर, दुसरा कॅमेऱ्यावर धर आणि कॅमेऱ्यावरचा हळूहळू फिरव. एका कोनात चमक जवळजवळ नाहीशी होईल. का होते ते आधी बाबांना समजावून सांग, मग मला लिही.