कांद्याचा पापुद्रा, हवेचे बुडबुडे आणि पेशी सिद्धांत

प्रश्न : मॅडम, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवी-आठवीला सायन्स शिकवते. पेशी सिद्धांताची तीन वाक्यं मुलं धडाधड म्हणून दाखवतात, सगळे सजीव पेशींचे बनलेले असतात, पेशी हे सजीवांच्या रचनेचं आणि कार्याचं मूलभूत एकक आहे, नवीन पेशी आधीच्या पेशीपासूनच तयार होते. पण परवा एक मुलगी म्हणाली, "बाई, सिद्धांत म्हणजे थिअरी, म्हणजे कुणाचा तरी अंदाजच ना?" मला धड उत्तर देता आलं नाही. कसं समजावू?
(एक शिक्षिका, सातारा जिल्हा)

उत्तर : ताई, आधी त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या, पाठ करून गप्प बसली नाही ती. आणि यात तिची चूक नाहीये, घोळ शब्दांचाच आहे. सिरियल बघताना "माझी थिअरी अशी आहे की तोच खुनी" असं आपणच म्हणतो, तिथे थिअरी म्हणजे अंदाज. परीक्षेत थिअरीचा पेपर वेगळा आणि प्रॅक्टिकल वेगळं, तिथे थिअरी म्हणजे नुसतं लिहायचं. आणि मराठीत सिद्धांत म्हटलं की एकदम उलटं वाटतं, सिद्ध झालं, विषय संपला, आता बदल नाही. सायन्समधला सिद्धांत यातला कुठलाच नाही.

मी वर्गात ट्यूबलाइटचं उदाहरण द्यायचे. ट्यूब लागत नाही, आपण म्हणतो स्टार्टर गेला असेल, हे झालं गृहीतक, स्टार्टर बदलून बघितला की लगेच कळतं खरं का खोटं. सिद्धांत म्हणजे अशी शेकडो निरीक्षणं आणि तपासण्या एका सूत्रात बांधून "हे असं का होतं" ते सांगणारी मांडणी, आणि ती पुढचंही सांगते, म्हणजे न बघितलेल्या गोष्टीत काय सापडेल तेसुद्धा. सिद्धांत मोठा झाला की त्याचा नियम होतो असंही मुलांना वाटतं, तसं नसतं. नियम काय होतं ते सांगतो, सिद्धांत का होतं ते.

म्हणून माझा आग्रह आहे की ती तीन वाक्यं फळ्यावर शेवटी लिहा. आधी कांदा कापा. आतल्या पाकळीच्या खोलगट बाजूचा पातळ पापुद्रा चिमट्यानं काढायचा, स्लाइडवर पाण्याच्या थेंबात सपाट पसरायचा, पातळ केलेल्या आयोडीनचा एक थेंब, आणि कव्हरस्लिप एका कडेनं तिरकी टेकवून हळूच सोडायची. धपकन ठेवली की हवा अडकते, मग जाड काळ्या कडेचे गोल गोल दिसतात आणि मुलं ओरडतात "दिसल्या पेशी!" माझ्या वर्गात हे दरवर्षी व्हायचं. तेव्हा लगेच चूक म्हणून मोकळं होऊ नका, रिकाम्या स्लाइडवर नुसतं पाणी आणि कव्हरस्लिप ठेवून तेच गोल दाखवा, मुलं स्वतःच म्हणतात, अरेच्चा, कांदा नाही तरी गोल आहेत म्हणजे ते कांद्याचे नव्हेत. मग विटांच्या भिंतीसारख्या लांबट पेशी आणि त्यातला पिवळट-तपकिरी ठिपका, म्हणजे केंद्रक, नीट बघतात. नंतर टोमॅटोचा गर बघा, ऱ्हिओच्या पानाची जांभळी साल बघा, आणि मग शाळेच्या आवारातल्या कुठल्याही झाडाचं नाव घेऊन विचारा, याच्या पानात काय दिसेल? बघायच्या आधीच वर्ग म्हणेल, पेशी. इथे थांबा आणि सांगा, आत्ता तुम्ही सिद्धांत वापरला.

मग गोष्ट सांगा, आणि ती चुकांसकट सांगा. १६६५ मध्ये रॉबर्ट हूकनं बुचाचा पातळ काप बघितला, त्याला रिकाम्या खोल्या दिसल्या, त्यानं नाव दिलं सेल. त्या मेलेल्या पेशींच्या नुसत्या भिंती होत्या. सगळे सजीव यांचेच बनलेत हे म्हणायला पुढे पावणेदोनशे वर्षं लागली, १८३८ मध्ये श्लायडेननं वनस्पतींबद्दल म्हटलं आणि १८३९ मध्ये श्वाननं प्राण्यांबद्दल. पण नवीन पेशी कशी होते याबाबत दोघंही चुकले! श्वानला वाटायचं द्रवातून खडीसाखरेसारखे स्फटिक जमतात तशा पेशी जमतात. रेमाकनं भ्रूणांमध्ये पेशी विभागताना बघितल्या, १८५५ मध्ये फिर्शोनं ठासून सांगितलं की पेशी पेशीपासूनच होते, आणि तुमच्या मुलांचं तिसरं वाक्य तिथून आलं. म्हणजे दोन वाक्यं टिकली आणि स्फटिकांची कल्पना पुराव्यापुढे गेली. त्या मुलीला हे सांगा, अंदाज असता तर पहिली दोन वाक्यंही इतकी वर्षं टिकली नसती.

कुणीतरी विषाणूंचं विचारेलच. विषाणू पेशींचे नसतात, आणि पेशीत शिरल्याशिवाय त्यांना वाढताही येत नाही, त्यांना सजीव म्हणायचं का यावर शास्त्रज्ञांमध्येही मतभेद आहेत. हे वर्गात मोकळेपणानं सांगा.

प्रश्न : आमच्याकडे डेंग्यू झाला तेव्हा सगळे "पेशी कमी झाल्या" म्हणत होते, पण आठवीतला मुलगा म्हणतो प्लेटलेट पेशीच नाहीत. कोण बरोबर?
(एक आई, ठाणे)

उत्तर : मुलगा बरोबर आहे. प्लेटलेट म्हणजे अस्थिमज्जेतल्या खूप मोठ्या पेशींचे तुटून रक्तात आलेले छोटे तुकडे, त्यांना केंद्रक नसतं आणि त्या विभागून वाढत नाहीत. आपण बोलताना पेशी म्हणतो, तेवढं चालतं. रिपोर्टमध्ये साधारण दीड लाख ते साडेचार लाख असा आकडा असतो तो रक्ताच्या एका मायक्रोलिटरमधला, म्हणजे एका थेंबापेक्षाही खूप कमी रक्तातला, आणि प्लेटलेट कमी झाल्या की रक्तस्राव व्हायची भीती वाढते म्हणून डॉक्टर तो पुन्हा पुन्हा तपासायला सांगतात. मुलाला विचारा की केंद्रक तर लाल पेशींनाही नसतं, मग त्यांना पेशी का म्हणायचं? उत्तर शोधू दे त्याला, आणि सापडलं की मला कळवा.